निब बरी आहे, दादा

दादा, तू गेल्यावर मी पहिल्यांदा घाबरले ती माझीच सही बघून.

साताऱ्याहून परत येऊन सांगलीचा दवाखाना उघडला होता. दात दुखणाऱ्या माणसाला डॉक्टरच्या घरी काय झालंय याच्याशी देणंघेणं नसतं, आणि ते बरंच असतं. एका काकांना गोळ्या लिहून दिल्या, खाली सही केली आणि कागद त्यांच्या हातात देता देता परत ओढून घेतला. सही लहान दिसत होती. माझी सही तुला माहीत आहे. तू तिला उसाची ट्रॉली म्हणायचास, "हिला रस्ताच पुरत न्हाई." त्या दिवशी ती मधेच आवरती घेतल्यासारखी बसली होती. मी खणातून माझ्याच अक्षरातला जुना कागद काढला आणि दोन्ही सह्या शेजारी ठेवून बघायला लागले. काका म्हणाले, "डॉक्टर, काय चुकलं का लिवायला?" मी नाही म्हटलं. त्यांना कागद दिला, आतल्या खोलीत गेले आणि लवंगेच्या तेलाची बाटली उघडून नाकाशी धरली. वास आला. मग स्पिरिटचा कापूस धरला. त्याचाही आला. तेव्हा कुठे मला स्टुलावर बसता आलं.

हे मी का केलं ते न सांगता फक्त तुला कळलं असतं. म्हणून तुलाच सांगते आहे.

दहाव्याला तुझ्या पलटणीबद्दल, शिस्तीबद्दल, निवृत्तीनंतर शिरवळच्या कंपनीच्या गेटवर काढलेल्या वर्षांबद्दल सगळे बोलले. चांगलंच बोलले. एक जण म्हणाला, "सुभेदारसाहेबांना लिवायचा लय नाद हुता." मला सांगावंसं वाटलं, लिहायचा नव्हता हो, पेनांचा होता. लिहायला तुझ्याकडे काही नव्हतंच. एक वाक्य होतं, तेवढंच तू जन्मभर लिहीत राहिलास.

ते वाक्य पहिल्यांदा तू माझ्या दवाखान्यात लिहिलंस. आठवतं? गाल सुजवून, साताऱ्याहून एसटीनं, न कळवता आला होतास. घरी कुणाला दुखतंय म्हणून सांगितलं नव्हतंस. फौजी माणूस, दाढेत कीड घेऊन महिनाभर हिंडलास. मी दाढ कोरली, भरली, वरून पॉलिशची चकती फिरवली. तू चूळ भरलीस, आणि मला वाटलं आता उठशील. तर तू शर्टाच्या खिशातून शाईचं पेन काढून माझ्या ट्रेमध्ये ठेवलंस. माझ्या चिमट्यांच्या शेजारी.

"नंदे, हिचा बी दात खरवडतुया. बग की जरा."

मी हसले, पण भिंग डोळ्यावर होतंच. बघितलं तर निबेच्या दोन पाकळ्यांतली एक केसभर वर आली होती. नखानं दाबून ती सारखी केली, सर्वात मऊ चकतीवरून टोक हलकंसं फिरवलं आणि पेन तुझ्या हातात दिलं. तू औषधाच्या पॅडवर लिहिलंस, "वडूजची एसटी वेळेवर आली."

"हे काय लिहिलंस?"

"खोटं लिवलं की अक्षर ब्येस येतं," तू म्हणालास.

आपल्या गावाकडच्या माणसाला हसायला तेवढं पुरलं. त्या दिवसापासून माझे रविवार तुझ्या पेनांचे झाले. टूथब्रश आणि वस्तरा ठेवायची तुझी पलटणीतली कापडी गुंडाळी होती ना, तीत तू पेनं घेऊन यायचास. एकेक कप्पा उघडायचास. हे अंबाल्याला घेतलेलं, हे जबलपूरच्या जुन्या बाजारात सापडलेलं, हे साताऱ्याच्या तांबोळीचाचांनी पेनांचं दुकान बंद करताना आठवणीनं ठेवलेलं. मला दोन मुलं, संसार, दवाखाना. आणि तरी पंचेचाळिशीत मी भावाबरोबर बसून निळ्या रंगाच्या छटांवर वाद घालत होते. माझ्या आयुष्यात कुठल्याही उपयोगाची नसलेली अशी ती एकच गोष्ट होती. ती तू दिलीस.

तुमच्या घरी साताऱ्याला आले की वहिनी तक्रार करायच्या. फडताळात लोणच्याच्या बरण्यांशेजारी शाईच्या बाटल्या, मोरीत बुडवून ठेवलेल्या निबा, पांढऱ्या फरशीवर न जाणारे ठिपके. "आवं वन्सं, हळदीचा डाग परवडला ओ," म्हणायच्या. "तुमी डाक्टर हाय, ह्यास्नी काय औषध न्हाई व्हय?" तू तेव्हा नवी बाटली उघडत असायचास. आधी वास, मग रंग, हा तुझा नियम. बाटली नाकाशी नेऊन डोळे मिटायचास. एका जांभळीला मिलिटरी हॉस्पिटलचा वास आहे म्हणून ती तू कधी वापरली नाहीस. एका काळीला नुकत्या पुसलेल्या फळ्याचा वास येतो म्हणायचास, आणि मी हुंगून बघितलं तर खरंच यायचा.

मग एकदा तू नवी बाटली उघडलीस, हुंगलीस, परत हुंगलीस आणि म्हणालास, "ह्या शाईला वासच न्हाई. भेसळ हाय."

मी बाटली घेतली. औषधासारखा झणझणीत वास आला. "सर्दी झालीय तुला," मी म्हटलं. तू "आसंल" म्हणालास आणि विषय संपला. तुझ्या दुखण्यात नाक आधी जातं, हाताच्या कितीतरी वर्षं आधी, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. दातांच्या डॉक्टरला कोण सांगतं?

पण दुसरी गोष्ट मला माहीत होती. कॉलेजात कधीतरी ऐकलेली, परीक्षेपुरती पाठ केलेली. ती अशी समोर येऊन बसेल असं वाटलं नव्हतं.

त्या रविवारी तू गुंडाळी उघडली नाहीस. एकच पेन हातात घेऊन आलास, तुझं सगळ्यात लाडकं, सोनेरी निबेचं.

"निब बारीक झालीया. अक्षर मोटं येतच न्हाई."

मी भिंगाखाली धरलं. सगळ्या बाजूंनी बघितलं. निबेला काही झालं नव्हतं. निब झिजली तर टोक रुंद होतं, बारीक होत नाही, हे तूच मला शिकवलं होतंस. मी म्हटलं, लिहून दाखव. तू ते वाक्य लिहिलंस. 'वडूजची' ठीक होतं. 'एसटी' थोडं लहान. 'वेळेवर' आणखी लहान. 'आली' तर मुंगीएवढं. मी आणखी एकदा लिहायला सांगितलं, आणि तसंच झालं. जिन्याच्या पायऱ्या उतरत जावं तसं अक्षर खाली खाली निघालं होतं.

मी माझं पेन तुला दिलं. "याच्यानं लिही." त्यानंही तेच.

"दादा," मी म्हटलं, "निब बरी आहे. आपण हात दाखवू."

"हाताला काय झालंय?"

"दाखवू तर खरं. मिरजेला माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत, मेंदूचे."

मेंदू हा शब्द ऐकला आणि तू उभा राहिलास. दोन्ही हात माझ्या नाकासमोर पुढे धरलेस, परेडला धरावेत तसे. "बग. थरथरतात का? बग नीट."

थरथरत नव्हते. दगडासारखे स्थिर होते. आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली, कारण डावा हात पुढे यायला उजव्यापेक्षा अंमळ उशीर लागला होता, आणि तू एवढा चिडला होतास तरी तुझ्या चेहऱ्यावर राग पुरता उमटत नव्हता. आवाज रागाचा, चेहरा कोरा.

"निब बिगाडलीस तूच घासून घासून," तू म्हणालास. "आन् आता माजा हात काढतीस व्हय."

तू एसटीनं निघून गेलास. मी खिडकीतून बघत होते. चालताना तुझा एक हात हलत होता आणि दुसरा शरीराला चिकटून होता.

त्यानंतरचे रविवार तू आला नाहीस. मी फोन करायची, तू हवापाण्याचं बोलायचास. मी हाताचं काढलं की "ठिवतो" म्हणायचास. मग एक दिवस मोबाइलवर फोटो आला. पुण्याहून खास रुंद निब मागवली होतीस. खाली तुझा निरोप: लय झकास चालतंय आता. मी फोटो मोठा करून बघितला. निब रुंद होती, रेघ जाड होती, पण अक्षर तेवढंच होतं. 'व'चं पोट, 'ळ'ची दोन्ही वेटोळी शाईनं भरून गेली होती. सगळं वाक्य म्हणजे ठिपक्यांची रांग. तू ते बघूनही मला पाठवलं होतंस. तुला दिसलं नव्हतं, की दिसलं होतं म्हणूनच पाठवलंस? हे मी तुला कधी विचारलं नाही. आता विचारते आहे.

शेवटी वहिनींचा फोन आला. आवाज दबका, मोरीत जाऊन बोलत असल्यासारखा. "वन्सं, ह्यास्नी शर्टाचं बटण लावता येईना झालंय. मला म्हंत्यात, कुणाला सांगू नगं. मला लय भ्या वाटतंय ओ."

मिरजेच्या त्या खोलीत तू ताठ बसला होतास. डॉक्टरांनी तुला बोटं एकमेकांवर आपटायला लावली, मनगट फिरवून बघितलं, वऱ्हांड्यातून चालवून आणलं. मग कागद पुढे केला आणि बॉलपेन दिलं. तू बॉलपेन बाजूला सारलंस आणि खिशातलं काढलंस. त्याही वेळेला. डॉक्टरांनी एक वेटोळं काढायला सांगितलं, आतून बाहेर मोठं होत जाणारं. तुझं वेटोळं मोठं झालंच नाही. ते स्वतःभोवतीच फिरत राहिलं आणि मधे शाईचं तळं साचलं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. कंपवात. तू म्हणालास, "पर मला कंप न्हाई." ते शांतपणे म्हणाले, "सगळ्यांना नसतो."

परतीच्या वाटेवर गाडी मी चालवत होते. आष्ट्याच्या पुढे चहाला थांबलो. दोन्ही बाजूंना ऊस, माणसाच्या डोक्यावर गेलेला. तू बाकड्यावर बसून कप दोन्ही हातांनी धरला होतास.

"नंदे, तुला कवापासनं म्हाईत हुतं?"

"तू निब घेऊन आलास त्या दिवसापासून."

"आन् तू सांगितलंस बी मला."

"सांगितलं."

"मग भांडलो कशाला मी?"

तू उसाकडे बघितलंस. मग एवढ्या हळू म्हणालास की मला वाकावं लागलं. "बॉर्डरला हुतो तवा बी असं झालं न्हवतं. आतनं भ्या वाटतंय गं. म्हंजी कसं, अंगाला हुकूम दिला आन् अंगानं आयकलाच न्हाई तर?"

मी तुझा हात धरला. तो जड होता. मी धीराचं काहीतरी बोलले असेन, ते आता आठवत नाही. खरं सांगू? तुझा हात धरलेला असताना मी माझ्या हाताकडे बघत होते. आपली बोटं सारखी आहेत. आईची बोटं. अंगठा मागे वळणारा, करंगळी जरा वाकडी. त्या क्षणी ती भीती माझ्या आत शिरली, आणि मी ती कधी तुझ्यासमोर बाहेर काढली नाही. तू आजारी, आणि मी तुला विचारू, की मलाही होईल का?

पुढची वर्षं गोळ्यांच्या वेळांवर गेली. गोळी लागू पडली की तुला तासा-दोन तासांची सवड मिळायची, आणि ती तू पेनांना द्यायचास. वहिनी म्हणायच्या, देवाला जावा, भावकीला भेटा, जरा फिरून या. तू टेबलाशी बसून निब धुवायचास. पाण्यात निळा धूर उतरताना बघत बसायचास. भांडण मात्र तू शेवटपर्यंत सोडलं नाहीस. मी आले की एकदा तरी काढायचास. "हाताचं सोड, ते झालं खरं. पर ती निब बी जरा बारीक हुतीच." मी म्हणायचे, "निब बरी होती, दादा." तू मान हलवायचास. मला वाटतं, आपल्या दोघांना हे भांडण हवं होतं. निबेवर भांडत होतो तोवर दुसऱ्या कशावर बोलावं लागत नव्हतं.

मग गिळण्याचा त्रास सुरू झाला. तेव्हापासून मला तुमच्या घरी यायची धास्ती वाटायला लागली. तू चहाचा घोट घेतलास की मी तुझ्या गळ्याकडे बघायचे. घाटी वर गेली, खाली आली, बरं. दुसरा घोट. वर गेली, थांबली. तू खोकलास की वहिनी स्वयंपाकघरातून पळत यायच्या, हातात पीठ. तू हात वर करून "काय न्हाई" म्हणायचास. तोंडाच्या आत काय काय बिघडू शकतं हे आयुष्यभर बघत आले, आणि माझ्या भावाचा एक घोट चुकीच्या वाटेनं जाऊ नये म्हणून मला काही करता येत नव्हतं. चहा दाट करून द्यायला सांगितलं. तू म्हणालास, "ही काय खळ प्यायला लावतीस? असली तर मी शाई सुदिक भरत न्हाई पेनात." आपण तिघंही हसलो. हसताना तुला ठसका लागला आणि हसू तिथंच मेलं.

शेवटच्या महिन्यांत तुझी एक नवी खोड सुरू झाली होती. मी आले की तू एखादं पेन पुढे करायचास. बोलणं आता पुटपुटल्यासारखं झालं होतं, पण तेवढं कळायचं. "लिव." मी तुझंच वाक्य लिहायची. तू कागद जवळ ओढून बघायचास, बराच वेळ, आणि बाजूला ठेवायचास. मला वाटायचं, तुला आता लिहिता येत नाही, म्हणून माझ्या हातानं पेन चालवून बघतोयस. मी मुद्दाम छान लिहायची.

तू गेलास ती सकाळ मी लिहीत नाही. छातीत कफ साठला, हॉस्पिटलात नेलं, मी सांगलीहून पोचले तेव्हा तू होतास अजून. माझा हात तुझ्या हातात होता आणि तुझी बोटं माझ्या बोटांवरून फिरत होती, एकेक, मोजल्यासारखी. एवढंच.

तेराव्याला पाहुणे गेल्यावर वहिनी माझ्याजवळ येऊन बसल्या. घरात शाईचा आणि उदबत्तीचा वास मिसळला होता. म्हणाल्या, "वन्सं, एक सांगू का? रागवू नगा. ते तुमास्नी लिवायला लावायचे न्हाई का, ते पेनासाठी न्हवतं. तुमचं अक्षर बगायचे ते. तुमी गेल्यावर आधीच्या कागदाला लावून बगायचे. ल्हान तर झालं न्हाई ना म्हणून."

"काय म्हणायचा?"

"काय न्हाई. बगायचे नुसतं. आन् ठिवून द्यायचे."

"बरं आहे, एवढं तरी म्हणायचा?"

"न्हाई ओ. कायच न्हाई बोलायचे."

म्हणजे मला वाटत होती ती भीती तुलाही वाटत होती, दादा. माझ्यासाठी. आपण दोघं एकाच कागदाकडे बघत होतो, एकच गोष्ट शोधत होतो आणि दोघंही पेनांबद्दल बोलत होतो. यात माया किती आणि धास्ती किती ते मला अजून वेगळं करता येत नाही. पण तुला माझ्या अक्षरात काय दिसलं? काहीच दिसलं नाही म्हणून बोलला नाहीस, की दिसलं म्हणून? वहिनींना ते कागद मागावेत असं मनात आलं आणि लगेच नको वाटलं. मी सांगलीला निघून आले. त्यानंतर ती सही.

त्या सहीनंतर मी स्वस्थ राहूच शकले नाही. दूधवाल्याला चिठ्ठी लिहिली तरी शेवटचा शब्द मोजून बघायची. चालताना दुकानांच्या काचेत बघायची, दोन्ही हात हलतायत का. ब्लाउजची बटणं लावताना घड्याळाकडे लक्ष. एका मुलीच्या दाढेत सुई घालताना मधेच थांबले आणि सुईच्या टोकाकडे बघत राहिले, ते हलतंय का म्हणून. मुलगी आणि तिची आई, दोघी माझ्याकडे बघत होत्या. हे हात गेले तर माझं काय उरतं, दादा? तुझी पेनं तरी होती. माझ्या हातात लोकांची तोंडं आहेत.

मिरजेला गेले. तीच खोली, तेच डॉक्टर, केस पांढरे झालेले. त्यांनी मला ओळखलं. बोटं आपटायला लावली, मनगट फिरवलं, वऱ्हांड्यातून चालवलं. कागद पुढे केला. मी लिहायला लागले तसे पेनभोवती माझी बोटं पांढरी पडलेली मला दिसली. वेटोळं काढताना मी श्वास रोखून धरला होता. त्यांनी कागद बघितला, बाजूला ठेवला, अगदी तुझ्यासारखा.

"आज तुमच्यात मला काही सापडत नाही," ते म्हणाले.

"पण अक्षर?"

"भीतीनं हात आखडून लिहिताय. कुणाचंही लहान येईल. हा आजार बहुतेकांच्यात घराण्यातून येत नाही, हे मी तुम्हाला तेव्हाही सांगितलं होतं. तुम्ही ऐकलं नसेल."

"आणि पुढे?"

"पुढचं मला माझंही माहीत नाही, डॉक्टर."

बाहेर आले. बरं वाटलं का? वाटलं, गाडीपर्यंत. गाडीत बसल्यावर 'आज' हा शब्द ऐकू यायला लागला. अजूनही येतो. रोज सकाळी दवाखाना उघडला की मी लवंगेच्या तेलाचं बूच काढते, हुंगते, लावते. मदतनीस बाईंना वाटतं ती माझी पूजा आहे.

आणि मग वहिनींचा फोन आला. भर दुपारी, घाबऱ्या आवाजात.

"वन्सं, ह्यांच्या एका पेनात शाई हाय अजून. ते काळं, जाडजूड, ड्रॉपरनं भरायचं. हॉस्पिटलात न्यायच्या आदी भरलं हुतं त्यांनी. माजा हात धरून भरलं, अर्धी शाई पदरावर. आता काय करू? ते म्हणायचे, न वापरता ठिवलं की आत शाई वाळती आन् पेन मरतं. मग धुवून ठिवू का?"

मी "हो, धुवा" म्हणणार होते.

तिकडे वहिनी रडत नव्हत्या, धापा टाकत होत्या. "धुतलं तर त्यांनी भरल्याली शाई जाती. ठिवलं तर पेन जातंया. मी सकाळधरनं मोरीत हुबी हाय तांब्या घिऊन. मला सांगा की ओ काय करू."

मग मला एकच सुचलं.

"वहिनी, त्यानं लिहा."

"मी? मला बॉलपेन बी धड धरता येत न्हाई."

"आडवं धरा, दाबू नका. कागद घ्या कुठलाही."

"काय लिवू पर?"

"काहीही. भाजी काय आणायची ते लिहा."

त्यांनी फोन टेबलावर ठेवला असावा. खुर्ची सरकली. टोपण फिरवल्याचा आवाज आला. मग ती कुरकुर, अगदी बारीक, निब कागदावर चालल्याची. मी कानाला फोन गच्च दाबून धरला.

"दोडका लिवला," वहिनी म्हणाल्या. थोड्या वेळानं, "कोथमीर." आणि मग आश्चर्यानं, "वन्सं, लय गुळगुळीत चालतंय की ओ हे. लोण्यावानी. ह्याच्यापायी भांडायचे व्हय माज्यासंगं?"

तेव्हापासून त्या रोज त्या पेनानं दिवसाची भाजी लिहितात. बाजारात बोलून आणायची ती भाजी, लिहायची काही गरज नाही. लिहितात, आणि मला फोन करतात. "चाललं आज बी." पेन एबोनाइटचं, म्हणजे काळ्या कडक रबराचं, बाहेरून आतली शाई दिसत नाही. मधला आटा फिरवला तर कळेल किती उरलीय. वहिनी फिरवत नाहीत. मी फिरवा म्हणत नाही. तुझ्या हातानं केलेलं या घरातलं शेवटचं काम त्या पेनात आहे, दादा, आणि ते रोज थोडं कमी होतंय. ज्या दिवशी संपेल त्या दिवशी मी वहिनींना काय सांगू? आणि मला कोण सांगणार?

आज फोन उशिरा आला. माझ्या हातात मोजे, पेशंट तोंड उघडून बसलेला. मदतनीस बाईंनी फोन माझ्या कानाशी धरला.

"वन्सं, गवारी लिवायला घेतली. 'ग' आला. फुडचं फिकट यायला लागलंय."

मी म्हटलं, "निब खाली करून हळूच झटका द्या. एकदाच."

"दिला."

"लिहा आता."

पेशंट माझ्याकडे बघत होता, मी भिंतीकडे.

"वहिनी?"

"थांबा की," त्या म्हणाल्या. आणि मग, "आलं. आलं ओ वन्सं, निळंशार आलं."